एल्डोराडोचे कॅलिपर, शेव्हेलचा ॲक्सल: मागच्या डिस्क ब्रेकच्या ब्रॅकेट किटचे परीक्षण

१९६४ ते १९७२ ची शेव्हेल किंवा १९६७ ते १९६९ ची कमॅरो (दोन्ही शेव्हरोलेटच्या जुन्या अमेरिकन गाड्या) घ्या, मागे बहुधा साडेनऊ इंची ड्रमच असतात. ते उतरवून डिस्क बसवायच्या तर बाजारात दोन तऱ्हेचा माल मिळतो. एका तऱ्हेत बोल्टपासून कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सगळे एका खोक्यात येते. दुसरीत फक्त जाड पत्र्याच्या ब्रॅकेटची जोडी, थोडे बोल्ट, वॉशर आणि एक कागद असतो. कॅलिपर, रोटर (चाकाबरोबर फिरणारी डिस्क), पॅड आणि होज (ब्रेक ऑइलची लवचीक नळी) कुठल्याही पार्टच्या दुकानातून आपण आणायचे. हे परीक्षण या दुसऱ्या तऱ्हेच्या किटचे आहे.

निकाल आधीच सांगतो. पुढे डिस्क असतील तर हा किट घ्यावा. पुढे अजून ड्रमच असतील तर पैसे आधी पुढच्या चाकांवर घालावेत. जोरात ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे जाते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. मागे डिस्क लावल्याने गाडी अचानक निम्म्या अंतरात थांबू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. फायदा वेगळा आहे. घाटात तापून ब्रेक ढिले पडत नाहीत, पाण्यातून गेल्यावर एक चाक पकडते आणि दुसरे नाही असे होत नाही, आणि पॅड बदलणे अर्ध्या तासाचे काम होते.

या ब्रॅकेटवर बहुतेक वेळा १९७९ ते १९८५ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचे मागचे कॅलिपर बसतात. त्यांच्यातच हँडब्रेकचा स्क्रू आणि लिव्हर असतो, म्हणून वेगळी सोय करावी लागत नाही. रोटर ११ इंचांच्या आसपासचा असतो. नेमका कोणत्या गाडीचा, ते ब्रॅकेटच्या मापावर ठरते, म्हणून किटचा कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी पॅड संपले की काउंटरवर शेव्हेलचे नाव सांगून उपयोग होत नाही, एल्डोराडोचेच सांगावे लागते. एक खर्च मात्र जाहिरातीत दिसत नाही. रीकंडिशन कॅलिपरवर जुना परत देण्याची अनामत असते. ड्रमवाल्या गाडीत परत द्यायला जुना कॅलिपरच नसतो, तेव्हा ती रक्कम गेलीच समजा.

आता बसवणी. अखंड भोकाचा ब्रॅकेट असेल तर बॅकप्लेट (ड्रममागचा पत्रा) काढण्यासाठी ॲक्सल बाहेर काढावाच लागतो. १० किंवा १२ बोल्टच्या कव्हरच्या डिफरन्शियलमध्ये (दोन ॲक्सलमधला गिअरचा डबा) ॲक्सल आतल्या टोकाला सी-क्लिपने अडकलेला असतो. कव्हर उघडा, मधल्या पिनचा लॉक बोल्ट काढा, पिन सरकवा, ॲक्सल आत ढकला आणि क्लिप काढून घ्या. तो लॉक बोल्ट बारीक असतो आणि जोर केला की मान मोडून आतच राहतो. नवा बोल्ट हाताशी ठेवूनच सुरुवात करा. दोन ॲक्सल सील, कव्हरचे गॅस्केट आणि सुमारे २ लिटर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल याच फेरीत लागते. पॉझिट्रॅक्शन (एकच चाक घसरत फिरू न देणारे डिफरन्शियल) असेल तर त्यात घालायचे ॲडिटिव्हही आणा. काही ब्रॅकेट दोन तुकड्यांत किंवा खाचेचे येतात. त्यात बॅकप्लेट कापून काढली की ॲक्सल न हलवता काम होते. पण सीलला गळती असेल तर ही वाचवलेली मेहनत फुकट जाते, कारण गिअर ऑइल सुटले की ते डिस्कवरच उडते.

हाउसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) टोकाचा गंज आणि रंग पूर्ण घासून काढा. तिथे रंगाचा थर राहिला तर ब्रॅकेट किंचित तिरका बसतो आणि पॅड एका कडेने झिजतात. बॅकप्लेटचे चारही बोल्ट ३५ फूट-पौंडांच्या आसपास घट्ट करा. रोटर चढवला की दोन लगनट (चाकाचे नट) उलटे लावून तो फ्लँजला (ॲक्सलच्या टोकाच्या, चाक बसते त्या चकतीला) चिकटवून घ्या, नाहीतर माप खोटे येते. मग डायल गेजने डगमग बघा. पाच हजारांश इंचाहून जास्त आली तर रोटर दुसऱ्या भोकावर फिरवून पुन्हा मोजा. कॅलिपर रोटरच्या बरोबर मध्ये यायला हवा. किटमधले पातळ वॉशर त्याचसाठी दिलेले असतात. वॉशर उरले म्हणून कोणी आनंद मानू नये, दोन्ही बाजूंची फट मोजावी. मोठ्या व्यासाच्या फ्लँजचा ॲक्सल असेल तर रोटरची टोपी त्यावर बसतच नाही, आणि मग फ्लँज लेथवर उतरवावा लागतो.

इथे सरकता कॅलिपर वापरण्यामागे कारण आहे. सी-क्लिपच्या ॲक्सलला आत-बाहेर थोडी हालचाल असते. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला पक्का कॅलिपर लावला तर रोटर त्या पिस्टनांना मागे ढकलतो आणि पुढचा पहिला पेडल खोल जातो. १९६५ पासूनच्या कॉर्व्हेटवाल्यांना हे दुखणे चांगले माहीत आहे. सरकता कॅलिपर रोटरसोबत हलतो, म्हणून त्याला हा त्रास नाही. १९६८-६९ च्या कमॅरोत एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो. तिथे कॅलिपर कोणत्या बाजूला येतो हे मागणी देण्यापूर्वी विचारा.

हँडब्रेकवर मात्र किटच्या कागदात दोन ओळी असतात, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. या कॅलिपरमध्ये पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे आणण्याचे काम पायाचा ब्रेक नीट करत नाही, ते लिव्हर करतो. नवा कॅलिपर बसवून सरळ हवा काढायला घेतली तर पिस्टन मागेच राहतो, पेडल जमिनीला टेकतो आणि बिचाऱ्या मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) आळ येतो. योग्य क्रम असा: लिव्हर काढा, त्याखालचा स्क्रू पान्याने फिरवून पॅड रोटरला जेमतेम टेकू द्या, चाक हाताने फिरते ना बघा, मग लिव्हर थांब्याला टेकेल असा परत लावा. केबल त्यानंतर जोडा, आणि ती ढिली असताना लिव्हर पूर्ण मागे येतो याची खात्री करा. ताणलेली केबल लिव्हरला अर्ध्यात अडकवते आणि पिस्टन पुढे यायचा थांबतो. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर ब्लीडर (हवा काढण्याचा स्क्रू) खाली येतो, मग दिवसभर हवा काढली तरी निघत नाही. ब्लीडर नेहमी वर. आणि गाडी उभी करताना हँडब्रेक रोज ओढायची सवय ज्याला नाही, त्याने हे कॅलिपर घेऊच नयेत.

पाइप आणि व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष केले तर बाकीचे सगळे काम पाण्यात. १९६६ आणि त्याआधीच्या शेव्हेलमध्ये एकाच खान्याचा मास्टर सिलिंडर आहे, तो बदलाच. ड्रमच्या मास्टरमध्ये मागच्या तोंडाला सुमारे १० पीएसआयचा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. ड्रमला तो चालतो, डिस्कला लागला की पॅड सतत घासत राहतात आणि रोटर निळा पडतो. तोंडात पातळ तार घालून आत रबरी अडसर लागतो का ते बघा. चारही चाकांना डिस्क असेल तर दोन मोठ्या खान्यांचा मास्टर हवा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नसेल तर १ इंच बोअरपेक्षा (आतल्या व्यासापेक्षा) मोठा घेऊ नका. ड्रममधले शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच घट्ट होत जातात. डिस्कला ती मदत नसते, सगळा जोर पायानेच द्यावा लागतो.

पुढे डिस्क, मागे ड्रम अशा गाडीतल्या कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमध्ये (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा) मागचा दाब आधीच कापलेला असतो. त्याच्यापुढे आणखी एक फिरता प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (फिरवून मागचा दाब कमी-जास्त करण्याचा) जोडला तर दाब दोनदा कापला जातो आणि मागच्या डिस्क नावापुरत्या उरतात. एकच ठेवा. फिरता व्हॉल्व्ह फक्त मागच्या लाइनवर लावा, सुरुवातीला पूर्ण कापलेल्या स्थितीत ठेवा, आणि रिकाम्या मोकळ्या जागी कमी वेगाने दाबून बघत थोडा थोडा उघडा. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम झाली की गाडी गिरकी घेते, म्हणून त्या जागेच्या बऱ्याच अलीकडे थांबा. पाइप ३/१६ इंची, टोकांना दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडून रुंद केलेले तोंड). कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून पाइप धरणारा जोड) ब्रेकला चालत नाही. होज घेताना कॅलिपर सोबत न्या, कारण बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आटे वर्षागणिक बदलतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर लावा. डॉट ३ किंवा ४ चे एक लिटर ब्रेक ऑइल आणून ठेवा. मास्टरची हवा आधी बाकावर काढा, मग मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे.

किटचा दर्जा? ब्रॅकेटची जाडी आणि भोके बहुतेक ठीक असतात. बोल्ट साधे असतील तर ग्रेड ८ चे बदलून घ्या. केबल मात्र सोबत येत नाही किंवा लांबीला अपुरी येते, तिचे पैसे वेगळे धरा.

चाके १५ इंची असतील तर सहसा प्रश्न नाही. १४ इंची रॅली चाक काही वेळा कॅलिपरला घासते, म्हणून घट्ट करण्यापूर्वी हाताने एक पूर्ण फेरी मारून बघा. हीच फेरी डिकीतल्या स्टेपनीचीही मारा. ती बहुधा जुनीच १४ इंची असते, आणि ती मागे बसत नाही हे हायवेवर रात्री कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेले बरे.