मेल सर्व्हरवर एसईलिनक्स एनफोर्सिंग: दहा महिन्यांचा अनुभव, आणि 'एमव्ही'ने खाल्लेला एक दिवस

डिसेंबरातल्या एका सकाळी साडेनऊला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "दादा, आउटलुक सारखं एरर देतंय. जीएसटीची कागदं पाठवायची आहेत आणि मेलच उघडत नाही." सर्व्हरवर जाऊन पाहतो तर डोव्हकॉट, म्हणजे लोकांना मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम, बंद पडलेला. रात्री मी नवीन सर्टिफिकेट टाकून तो रीस्टार्ट केला होता. लॉगमध्ये एकच ओळ: सर्टिफिकेटची 'की' (गुप्त किल्लीची) फाइल उघडता येत नाही, परमिशन डिनाइड. फाइल तपासली. मालक रूट (सर्वाधिकार असलेलं खातं), परवानगी 600 (फक्त मालकाने वाचावं-लिहावं), जागा बरोबर. आणि डोव्हकॉटचा तो भाग रूट म्हणूनच चालतो. रूटला रूटची फाइल वाचता येत नाही, हे कसं?

दुपारी दोन वाजता कारण सापडलं. नवीन की मी /रूट या फोल्डरमध्ये बनवली होती आणि तिथून 'एमव्ही'ने (फाइल हलवायच्या कमांडने) /ईटीसी/पीकेआय/टीएलएसखाली हलवली होती. एसईलिनक्स हा लिनक्समधला नेहमीच्या परवानग्यांवरचा जादा पहारा: तो प्रत्येक फाइलीला आणि प्रोसेसला एक लेबल देतो आणि कोणी काय उघडावं ते त्यावरून ठरवतो. 'एमव्ही' फाइलबरोबर तिचं जुनं लेबलही घेऊन जातो. 'एलएस -झेड' (फाइलींची लेबलं दाखवणारी कमांड) केल्यावर दिसलं की शेजारच्या सगळ्या फाइलींवर सर्ट_टी आहे आणि माझ्या कीवर अ‍ॅडमिन_होम_टी. डोव्हकॉट_टी या प्रकारात चालणाऱ्या प्रोसेसला अ‍ॅडमिन_होम_टी वाचायची मुभा नाही, मग मालक कोणीही असो. तीच फाइल 'सीपी'ने (कॉपी करून) नेली असती तर नवीन जागेचं लेबल आपोआप लागलं असतं आणि काहीच बिघडलं नसतं. 'रिस्टोअरकॉन' (जागेप्रमाणे योग्य लेबल लावणारी कमांड) चालवला, एका सेकंदात काम झालं. त्या एका सेकंदासाठी साडेचार तास आणि 64 लोकांचं काम गेलं.

थोडं मागचं सांगतो. सेंटओएस 7 या लिनक्सचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही अल्मालिनक्स 9 वर आलो. मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डोव्हकॉट, वेबमेलसाठी राउंडक्यूब. जुन्या सर्व्हरवर एसईलिनक्स वर्षानुवर्षं बंद होतं. या वेळी मी ते एनफोर्सिंगवरच (नियम मोडला की अडवणाऱ्या कडक मोडवर) ठेवायचं ठरवलं, आणि कारण शुद्ध काटकसरीचं होतं. दर मेलबॉक्समागे दरमहा भाडं नको म्हणून आपण स्वतःचा सर्व्हर चालवतो. एकदा कोणी आत घुसलं तर इतक्या वर्षांची बचत एका रात्रीत जाईल.

पहिल्याच दिवशी अडलो. टपाल नव्या डिस्कवर, /डेटा/व्हीमेलमध्ये ठेवलं होतं. मेल येत होते, पण सगळे रांगेत डिफर्ड (नंतर पुन्हा प्रयत्न करू म्हणून) पडत होते. डोव्हकॉटच्या लॉगमध्ये मात्र फार उपयोगी वाक्य होतं: युनिक्स परवानग्या ठीक दिसतात, एसीएल (जादा परवानग्यांची यादी) किंवा मॅक (एसईलिनक्ससारखा पहारा) चुकलं असेल का? ज्याने कोणी हा संदेश लिहून ठेवला, त्याचे मनापासून आभार. ऑडिट लॉगमध्ये, जिथे एसईलिनक्सचे नकार नोंदले जातात, डोव्हकॉट_टी आणि डिफॉल्ट_टी ही जोडी दिसली. नव्या फोल्डरसाठी पॉलिसीत (एसईलिनक्सच्या नियमावलीत) नियमच नसेल तर त्याला डिफॉल्ट_टी लागतं, आणि त्याला मेलची कुठलीच प्रोसेस हात लावू शकत नाही. 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने /डेटा/व्हीमेल(/.*)? ला मेल_स्पूल_टी नोंदवलं आणि वर 'रिस्टोअरकॉन -आर' चालवला. या दोन्ही पायऱ्या लागतात. पहिली फक्त नोंद करते, फाइलीवर प्रत्यक्ष लेबल दुसरी लावते. एकही मेल हरवला नाही, कारण पोस्टफिक्स अडलेला मेल मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतो.

याच दिवशी आम्ही ज्यांना सपोर्टचे पैसे देतो त्यांना फोन केला होता. उत्तर आलं, "सर, एसईलिनक्स बंद करा, सगळे तेच करतात." मी फोनवर असतानाच त्यांच्या माणसाने कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल्ड लिहून रीबूट मारला. मेल सुरू झाले, खरंय. पण त्या तीन तासांत आलेल्या फाइलींना लेबलच लागलं नाही, त्यामुळे पुन्हा चालू करताना 'फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट' करून अख्खी डिस्क नव्याने लेबल करावी लागली. मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेल वेगळी फाइल असते. आमच्या अकरा लाख फाइली होत्या आणि सर्व्हर पाऊण तास बूटच होत राहिला. बंदच करायचं असेल तर 'सेटएनफोर्स 0' करून परमिसिव्हवर (नुसती नोंद, अडवणूक नाही) न्या. त्यात लेबलं लागत राहतात आणि काय अडलं असतं तेही लॉगमध्ये उतरतं. किंवा 'सेमॅनेज परमिसिव्ह'ने एकटा डोव्हकॉट_टी सैल करा, बाकीचं कडक राहू द्या. पैसे घेणाऱ्या माणसाला एवढं माहीत असायला हवं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

दुसरा सल्ला सगळीकडे मिळतो तो 'ऑडिट2अलाऊ'चा: लॉग त्यात ओता, जे मॉड्यूल (मुभा देणाऱ्या नव्या नियमांचा संच) निघेल ते लावून टाका. मी एकदा नुसतं काय निघतं ते पाहिलं. डोव्हकॉटला डिफॉल्ट_टी असलेलं सगळं वाचू द्या, असा नियम निघाला. म्हणजे एका फोल्डरचं लेबल चुकलं म्हणून डिस्कवरच्या प्रत्येक बेवारस फोल्डरचं दार उघडायचं. आधी लेबल बघा, मग बूलियन (पॉलिसीतले चालू-बंद खटके) बघा, मॉड्यूल अगदी शेवटी.

इथवरचं डिसेंबरात चिडून लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी एसईलिनक्सला 'पाचपैकी दोन' असे गुण देऊन टाकले होते. ते आता खोडतो. कारण जून 2025.

जूनच्या सुरुवातीला राउंडक्यूबमधलं मोठं भगदाड जाहीर झालं, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-2025-49113. लॉगिन असलेला कोणीही सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. दुरुस्ती 1.6.11 आणि 1.5.10 मध्ये आली. आमच्याकडे त्याआधीची आवृत्ती होती. 64 जणांपैकी एकाचा पासवर्ड जरी बाहेर गेलेला असता तरी पुरे होतं. त्या संध्याकाळी अपडेट लावला, पण मनातला प्रश्न जाईना: लावायच्या आधी कोणी आत आलं असतं तर?

म्हणून टेस्ट मशीनवर सर्व्हरची नक्कल उभी केली. मुद्दाम एका मेलबॉक्सला 777 परवानगी दिली, म्हणजे नेहमीच्या हिशोबाने कोणीही वाचावं. मग वेबसर्व्हरवर चार ओळींचं पीएचपी ठेवलं, जे त्या मेलबॉक्समधला एक मेल उघडून स्क्रीनवर दाखवेल. ब्राउझरमध्ये पान उघडलं. पान कोरं. ऑडिट लॉगमध्ये ओळ: डिनाइड, पीएचपी-एफपीएम, एचटीटीपीडी_टी, मेल_स्पूल_टी. म्हणजे वेबसर्व्हरच्या प्रकारात चालणाऱ्या पीएचपीला टपालाचं लेबल असलेली फाइल नाकारली. 'सेटएनफोर्स 0' केलं, पान ताजं केलं, मेल पूर्ण दिसला, विषयासकट. पुन्हा 1 केलं, पुन्हा कोरं. मी हे चार वेळा करून पाहिलं. डिसेंबरातला तो दिवस ज्या नियमाने खाल्ला, तोच नियम इथे आमच्या लोकांचं टपाल धरून उभा होता.

याच निमित्ताने बूलियनही तपासले. राउंडक्यूबला मेल सर्व्हरशी बोलता यावं म्हणून बहुतेक जण 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' चालू करायला सांगतात, आणि मीही तेच केलं होतं. त्याने वेबसर्व्हर जगातल्या कुठल्याही पोर्टला जोडू शकतो. 'एचटीटीपीडी_कॅन_सेंडमेल' (फक्त मेलच्या पोर्टपुरती मुभा) ठेवून ते बंद केलं. पाठवणं आणि वाचणं, दोन्ही सुरळीत चाललंय.

पोस्टफिक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्याने दहा महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. तो मुळातच कामं वाटून चालतो. 'पीएस -ईझेड' करून बघा: मास्टर, क्यूएमजीआर, एसएमटीपीडी असे त्याचे भाग, प्रत्येकाचा प्रकार वेगळा. वेग कमी झाल्याचंही कोणाला जाणवलं नाही. उबुंटूवाले मित्र एसईलिनक्सऐवजी त्याच कामाचं अ‍ॅपआर्मर सुचवतात. त्याचे नियम फाइलच्या पाथवर चालतात, त्यामुळे 'एमव्ही'चं हे दुखणं तिथे नाही, हे मान्य. पण अल्मावर घरात आलेलं सोडून दुसरं शिकायला मला वेळ नाही.

एक तक्रार कायम आहे. काही नकार पॉलिसी लॉगमध्ये येऊच देत नाही. एकदा तासभर कोऱ्या लॉगकडे पाहत बसलो, मग 'सेमॉड्यूल -डीबी'ने ते झाकण काढलं तेव्हा कारण दिसलं. काम झाल्यावर 'सेमॉड्यूल -बी' करायला विसरू नका, नाहीतर लॉग भरून वाहतो.

आता पाचपैकी चार. उरलेला एक 'एमव्ही'साठी कापला आहे. रूटच्या शेलमध्ये त्याला 'एमव्ही -झेड' असा एलियस (टोपणनाव) करून ठेवलाय, म्हणजे फाइल जिथे जाईल तिथलं लेबल लागतं. गेल्या आठवड्यात बॅकअप परत घेण्याची चाचणी केली, तेव्हा 'आरसिंक'ला (बॅकअप कॉपी करणाऱ्या कमांडला) मोठा एक्स, म्हणजे लेबलंही घेणारा पर्याय, द्यायचा राहिला होता आणि लेबलं बॅकअपमध्ये आलीच नव्हती. या वेळी मात्र मॅडमचा फोन यायच्या आत 'एलएस -झेड' पाहिलं. रिस्टोअरच्या स्क्रिप्टमध्ये शेवटची ओळ म्हणून 'रिस्टोअरकॉन' टाकला आणि चाचणी पुन्हा घेतली. साडेनऊच्या आत मेलबॉक्स उघडत होते.