पोराच्या गालावरचे डाग आणि आमचे १७,००० रुपये

तपासणी ५००, ‘रक्तशुद्धी कोर्स’ ९,५००, मलमाच्या तीन डब्या प्रत्येकी १,४०० म्हणजे ४,२००, आणि निळ्या दिव्याखाली बसवायचे २,८००. एकूण १७,०००. पावती एकाचीही नाही. हा बोगस डॉक्टर कोल्हापुरात अजून किती जणांना लुटतोय देव जाणे, म्हणून लिहितेय.

आठ वर्षांच्या पोराच्या गालावर रुपयाएवढे फिकट, जरा कोंडा धरलेले डाग होते. पेपरातून पत्रक आलं, ‘पांढरे डाग मुळापासून बरे’. गेलो. त्यानं बॅटरी मारून बघितलं न् म्हणाला, “वहिनी, ल्युकोडर्मा आहे, म्हणजे कोड. ऑटोइम्यून, शरीरच स्वतःवर उलटलंय. मेलानोसाइट, कातडीला रंग देणाऱ्या पेशी, मरायला लागल्यात. आत्ता धरलं तर आत्ता, नाहीतर अंगभर पसरंल.” कोडाचं नाव निघाल्यावर घरात काय होतं ते सांगायला नको. सासूबाई तिथंच रडायला लागल्या. भिंतीवर फ्रेममधली सर्टिफिकिटं, तोंडात असले शब्द. कुणाला संशय येणार?

संशय यायची जागा एकच होती, आणि ती आठवली की अजून झोप उडते. दुसरी डबी घेताना पडदा सरकला आणि आतली केराची बादली दिसली. पिळून चपट्या केलेल्या ट्यूबांनी भरलेली. एकीवर ‘क्लोबे’ एवढं वाचताही आलं. माझ्या हातात त्याची ‘जडीबुटीची’ डबी: चिकटपट्टीवर बॉलपेननं पोराचं नाव, आत पांढरंशुभ्र मलम, पाल्याचा कसलाही वास नाही. तिथंच उठायचं होतं. पण पोर किरकिर करत होतं, मागं रांग, १०,००० आधीच भरलेले. अशा वेळी आईला फक्त पोराचा चेहरा दिसतो.

डाग आणखी पांढरे झाले. “रोग बाहेर पडतोय,” म्हणाला! मग गाल लाल, बारीक शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. शेवटी खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अंधारात वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला. कोड असतं तर डाग खडूसारखे निळसर-पांढरे चमकले असते, चमकले नाहीत. पिटिरियासिस अल्बा. लहान मुलांत सर्रास दिसणारं, संसर्ग नाही, मॉइश्चरायझर लावायचं, उन्हापासून जपायचं, काही महिन्यांत आपोआप जातं. गालाची वाट लावली ती क्लोबेटासॉलनं, असं त्यांचं मत. फार तीव्र स्टिरॉइड आहे, मुलांच्या चेहऱ्यावर लावायचं नसतं. डाग जास्त फिकट झाले तेही त्यानंच.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, “औषध घेतलं, पैसे दिले, मग फसवणूक कुठली?” औषधांच्या सरकारी कार्यालयात म्हणाले, डबीला लेबल नाही, कुणाचं औषध म्हणून तपासू? अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! तिथून दुसऱ्या खिडकीवर, तिथून अर्ज तीन प्रतींत, मग साहेब मीटिंगला. ल्युकोडर्मा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला १९६१ च्या कायद्यात शिक्षा आहे. पत्रक मी टेबलावर ठेवलं. “ठेवा, बघतो.” पगार कशाचा घेतात ही माणसं? बोगस डॉक्टर शोधायला समित्या असतात म्हणे. पाटी रस्त्यावर आहे, शोधायचंय काय त्यात?

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा. चिडला तर उठा. बिनलेबलाची डबी घेऊ नका. पैसे यूपीआयनं द्या, आम्ही रोख दिले तिथंच अडकलो. त्वचेचं काही असलं तर आधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, दाखवा, तिथं त्वचारोग विभाग आहे. आणि ज्यांच्या घरात अशी डबी आत्ता चालू आहे त्यांनी मनानं एकदम बंद करू नका, स्टिरॉइड तोडल्यावर त्वचा उसळते. डबी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि रिकामी झाली तरी फेकू नका. आमच्या दोन भंगारात गेल्या. उरलेली एक आणि ते पत्रक एवढाच पुरावा माझ्याकडं आहे. त्याच माणसाकडं गेलेलं कुणी असेल तर कळवा, अर्जावर चार सह्या झाल्या तर बघू कोण “ठेवा” म्हणतंय.