दहा महिने, ९,४०० किलोमीटर: घरचे लोखंडी स्टँड आणि पत्र्याचे डबे

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला (२०१५ चं मॉडेल, मागे ड्रम ब्रेक) मागे दोन्ही बाजूंना सामानाचे ॲल्युमिनियमचे डबे आणि ते अडकवायला लोखंडी स्टँड करून घेतले. तेव्हाच दोघातिघांनी विचारलं होतं, कसं झालंय ते लिही म्हणून. मुद्दाम थांबलो. एक पावसाळा काढल्याशिवाय अशा कामाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. आता आंबोलीचा पाऊस खाऊन झाला, मालवणचा खारा वाराही लागला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी कोल्हापूरचा. महिन्यातून दोनदा तरी रत्नागिरी नाहीतर सावंतवाडी होते. पाठीवर सॅक घेतली की मलकापूर येईपर्यंत खांदे भरून यायचे, आणि सीटवर रबरी दोरीने बांधलेली बॅग घाटात एका बाजूला कलायची. तयार सेट बघितले. मला आवडलेले पंचवीस हजारांच्या पुढे होते, आणि जुन्या मॉडेलला बसतीलच असं कोणी छातीठोक सांगेना. वेल्डिंग-फॅब्रिकेशनच्या दुकानांचं उद्यमनगर घरापासून दहा मिनिटांवर असताना लोखंडासाठी एवढे पैसे घालवायचे म्हणजे गावात विहीर असताना बाटलीचं पाणी पिण्यासारखं वाटलं.

मी कागदावर मापं टाकून, रंगीत पेन वापरून वगैरे चित्र काढून नेलं होतं. वेल्डरमामांनी ते दोन सेकंद बघितलं आणि परत दिलं. "हे ठेवा घरी. फ्रिजचा पुठ्ठा कापा, गाडीला दोरीनं बांधा, वर बसा, किक मारा, मागं कुणाला तरी बसवा. मग या." हा सल्ला सगळ्यात कामाचा निघाला. पुठ्ठा बांधून बायकोला मागे बसवल्यावर कळलं की तिची टाच डब्याच्या कोपऱ्यावर आपटते. डबा सहा सेंटिमीटर मागे सरकवावा लागला. चित्रात हे कधीच दिसलं नसतं.

माप घेताना खरी कटकट उजव्या बाजूची. सायलेन्सर तिकडे असल्यामुळे स्टँड जास्त बाहेर काढावा लागतो. गाडीच्या मध्यापासून डावा पाइप २० सेंटिमीटरवर, उजवा २६ वर. दोन्हीकडे सारखे डबे लावले तर गाडी उजवीकडे फुगते. म्हणून डावा डबा २२ सेंटिमीटर जाडीचा आणि उजवा १७ चा केला. लांबी ४२ आणि उंची ३४, दोन्हीची सारखी. डाव्यात साधारण ३१ लिटर मावतं, उजव्यात २४. पाइपाची जाडी आणि मधलं रबर धरून एकूण रुंदी ८९ सेंटिमीटर भरली, म्हणजे हँडलपेक्षा प्रत्येक बाजूला चार-साडेचार सेंटिमीटर जास्त. ऐकायला कमी वाटतं. "हँडल गेलं की गाडी गेली" ही वीस वर्षांची सवय मात्र पहिल्याच दिवशी आमच्याच फाटकाने मोडली. डाव्या डब्यावरचा तो ओरखडा अजून आहे.

स्टँडला १६ मिलिमीटरचा गोल एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, १६ गेजचा; गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. दोन्ही बाजू मिळून सात मीटर लागला, वजन चार किलोच्या आसपास. १८ गेज स्वस्त आणि हलका पडतो, पण मामा म्हणाले की पातळ पाइपला घाटात कोण जबाबदार, तुम्ही का मी? वाकवायचा तिथे पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली, तापवून वाकवला. वाळू नसती तर वाकावर पाइप चपटा होतो, आणि चपटा झाला तिथेच पुढे तुटतो. वेल्डिंगचे टाके (जागा धरण्यापुरते ठिपके) गाडीवर लावून मारले, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवून. पूर्ण वेल्डिंग मात्र खाली उतरवून केलं. आणि तिथे गंमत झाली: गार झाल्यावर डावा स्टँड बोल्टच्या भोकांना बसेना. वेल्ड गार होताना आकसतं आणि सगळं आपल्याकडे ओढतं. चांगला पाच-सहा मिलिमीटर ओढला होता. मामांनी कानशीने भोक लांबट केलं आणि वर जाड वॉशर टाकला. मला ते तेव्हा रुचलं नव्हतं, पण आज दहा महिन्यांनी ती जागा जशीच्या तशी आहे.

स्टँड तीन ठिकाणी बसतो: वर शॉकअबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) बोल्टवर, खाली मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर आणि मागे मडगार्डच्या पट्टीवर. स्विंगआर्मला काहीही बांधायचं नाही, तो चाकाबरोबर वरखाली होतो. डावीकडे साडीगार्ड काढून टाकू, जागा मिळेल, असं एका मित्राचं म्हणणं होतं. मी काढलं नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारं काहीतरी हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात आहे. शिवाय आई गाडीवर बसते ती एका बाजूलाच, पदर सावरत. ती असली की डावा डबा काढूनच ठेवतो.

आता बिघाडाचं. ३,१०० किलोमीटरला आंबा घाट उतरताना डाव्या बाजूने चिमणीसारखा आवाज यायला लागला. चिंव, मग खड्डा, मग दोनदा चिंव. चेनचा असेल म्हणून दुर्लक्ष केलं. साखरप्याला चहाला थांबलो आणि सहज डबा हलवून बघितला, तर तो दाराच्या फळीसारखा आत-बाहेर होत होता. खालचा पाइप तडकलेला. वेल्ड शाबूत होतं, वेल्डच्या शेजारी नखभर अंतरावर केसासारखी रेघ, आणि रेघेतून गंजाची लाल धार. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड बदलतं आणि सगळा ताण त्या काठावर येतो. तिथल्या ग्रिलवाल्याने ऐंशी रुपयांत आर्क मारून दिला, वर एक त्रिकोणी पत्रा जोडला. घरी आलो ते तीस-चाळीसच्या वेगाने, दर दहा किलोमीटरला थांबून हात लावून बघत.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं, आणि कळलं ते गल्लीत येणाऱ्या दूधवाल्याच्या गाडीकडे बघून. त्याचे दोन्हीकडचे कॅनचे स्टँड मागून एका आडव्या सळीने जोडलेले होते, नंबरप्लेटच्या मागून. माझे दोन स्टँड एकमेकांना कुठेच जोडलेले नव्हते. प्रत्येक जण आपापला डबा घेऊन खड्ड्यात एकटाच झुलत होता. त्याला विचारलं, ही सळी कशाला? तो म्हणाला, "ती नसली तर आठ दिवसांत कॅन रस्त्यावर की ओ." पंधरा वर्षं ही गाडी मी रोज बघतोय, आणि परदेशी बायकर्सचे व्हिडिओ बघून डिझाइन केलं!

मामांकडे जाऊन इंग्रजी यू आकाराचा पाइप घालून घेतला, मडगार्डच्या मागून, टेललाइटच्या खालून, नंबर झाकणार नाही असा. साडेसहाशे रुपये. त्यानंतर ६,३०० किलोमीटर झाले, एकही तडा नाही. कोणी मला एकच गोष्ट विचारली तर हीच सांगेन: डबे नंतर करा, आधी मागचा आडवा पाइप घाला.

डबे दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचे. रिकामे प्रत्येकी सव्वादोन किलोच्या आसपास. आधी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचा विचार होता, पण तेवढाच डबा त्यात पाच किलोच्या पुढे जातो, आणि तो पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर घेतला की माणसाला ताप भरतो. कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडले. हे काम मामांचं नाही, त्यासाठी वेगळा माणूस गाठावा लागला. पाइपावर डबा खडखडू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. डब्याचे दोन आकडे (हुक) वर अडकतात आणि आतून एक ८ मिलिमीटरचा बोल्ट विंगनटने आवळायचा. दोन मिनिटांत डबा हातात. कुलूप बाहेरच्या कडी-कोयंड्याला.

पाणी! पहिलं झाकण मी सपाट केलं होतं, कडेला रबर. दुकानात बादलीने पाणी ओतून बघितलं, थेंब नाही. आंबोलीत अर्ध्या तासात आतले कपडे ओले. बादली वरून ओतते, घाटातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि बिजागरीच्या रिव्हेटमधून शिरतो. आता झाकण जुन्या पत्र्याच्या ट्रंकेसारखं आहे, चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर खाली उतरणारं, आणि रिव्हेटांवर आतून सिलिकॉन. तळाला पाणी निघून जायला भोक ठेवलं होतं, शहाणपणा म्हणून. त्यातून मागच्या चाकाचा चिखलच वर यायला लागला. तिथे आता रबरी बूच आहे. तरीही कागद आणि लॅपटॉप मी प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवतो.

उजव्या डब्याची वेगळी तऱ्हा. तळ आणि सायलेन्सर यांच्यात तीनच सेंटिमीटर अंतर होतं. मालवणहून दोन किलो खाजा आणला आणि उजव्यात ठेवला. घरी उघडला तर गूळ पाघळून सगळ्या खाज्याची मिळून एक वीट झालेली. मुलांनी ती बत्त्याने फोडून खाल्ली, तक्रार केली नाही. नंतर तळाखाली दीड सेंटिमीटर फट सोडून ॲल्युमिनियमची एक पट्टी लावली. आता तळ कोमट होतो, चटका बसत नाही. तरी खायचं सगळं डाव्यात, उजव्यात नट-बोल्टचे पाने, पंक्चरचं सामान आणि रेनकोट.

समुद्राकाठी चार दिवस गाडी उभी राहिली की ॲल्युमिनियमला लागलेल्या लोखंडी बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरते. खारट ओलाव्यात दोन धातू एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचे वॉशर टाकल्यापासून कमी झालंय, थांबलेलं नाही. पावडर कोटिंगचे सातशे रुपये मात्र वाया गेले असं माझं मत. दिसायला देखणं, पण डबा घासतो तिथे सोलून निघालं, आणि साखरप्याच्या वेल्डनंतर तिथे पुन्हा काही ते चढत नाही. मी त्या जागी रेड ऑक्साइड आणि काळा ऑइलपेंट ब्रशने मारला, तो कोटिंगपेक्षा चांगला टिकलाय. पुन्हा करायचं झालं तर सरळ ऑइलपेंट.

चालवताना फरक पडतो. प्रत्येक डब्यात आठ किलोच्या वर मी घालत नाही, बॅग तोलायच्या लटकत्या काट्यावर तोलून घेतो. एकदा डाव्यात बारा आणि उजव्यात चार झाले, तर सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत होती. ऐंशीच्या पुढे मागून हलकीशी शेपूट हलते, म्हणून पंच्याहत्तरला थांबतो. मागच्या टायरला सामान असताना दोन पौंड हवा जास्त. ॲव्हरेज पस्तीसवरून तेहतीसवर आलं. आणि एक धोक्याचं: जांभ्याच्या खडीवर पाय टेकवायला गेलो, गाडी पुढे सरकली आणि डब्याचा कोपरा पोटरीवर आला. वेग नव्हता म्हणून निभावलं. तेव्हापासून कोपरे कानशीने गोल केलेत आणि खडीवर पाय फाकवून रेटायचं बंद केलंय.

दर हजार किलोमीटरला तेराचा पाना घेऊन सगळे बोल्ट बघतो. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहसा न सुटणारे) नट आहेत, तरी मडगार्डकडचा एक दर वेळी चतकोर फेरा घेतोच.

खर्च: पाइप ५००, मामांची मजुरी १,८००, कोटिंग ७००, ॲल्युमिनियमचा आठ बाय चारचा पत्रा ३,८५०, बेंडिंग ६००, आर्गन १,५००, कड्या-बिजागऱ्या-बोल्ट ९००. झाले ९,८५०. वर मागचा पाइप ६५०. पत्र्याचा तुकडा उरला, त्याचीच सायलेन्सरवरची पट्टी आणि नवी झाकणं निघाली.

पुठ्ठ्याचे नमुने मामांच्या दुकानात खिळ्याला टांगलेत. कोणाला हवे असतील तर जाऊन आखून घ्या, ते नाही म्हणत नाहीत. फक्त माझ्या मापांवर डोळे मिटून पाइप कापू नका. मागे डिस्क असलेल्यांनी आणि सायलेन्सर बदललेल्यांनी आपल्या गाडीला पुठ्ठा बांधूनच बघावा, आणि मागे माणूस बसवून.