स्लाइड गिटारची सुरुवात : ओपन डी की ओपन जी, आणि गिटारमध्ये कोणते बदल करावेत

घरात एक साधी अकूस्टिक गिटार आहे, नेहमीच्या स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये कॉर्ड्स वाजवता येतात आणि आता स्लाइड, म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवणे, शिकायची आहे, अशा ठाणे किंवा नवी मुंबईतल्या वादकाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : तारा कोणत्या सुरांत लावायच्या, गिटारमध्ये किती बदल करायचा आणि स्लाइड कशाची घ्यायची. यांतला पहिला निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याचा कान तंबोरा आणि पेटी ऐकत घडला आहे, त्याने तो सरगमेच्या आधाराने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

ओपन डीमध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असे सूर येतात. डी हा षड्ज मानला तर ही मांडणी सा-प-सा-ग-प-सा अशी होते. ओपन जीमध्ये डी, जी, डी, जी, बी, डी असे सूर येतात आणि जीला षड्ज मानल्यास प-सा-प-सा-ग-प अशी मांडणी मिळते. दोन्हींमध्ये सर्व तारा एकाच मेजर कॉर्डमध्ये वाजतात, पण षड्जाची जागा बदलते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे.

ओपन डीमध्ये सर्वांत जाड तार मोकळी छेडली की खर्जाचा सा मिळतो आणि अंगठ्याने तो सतत चालू ठेवता येतो. पहिल्या तारेवर मोकळा सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा, असे पूर्ण सप्तक एकाच तारेवर उलगडते. मींडेचा रियाज करण्यासाठी याहून सोपी रचना मला माहीत नाही. ओपन जीमध्ये पहिली तार पंचमाची असल्याने सा पाचव्या फ्रेटवर आणि वरचा सा सतराव्यावर येतो. अनेक अकूस्टिक गिटारींची मान चौदाव्या फ्रेटपाशी खोक्याला जोडलेली असते, त्यामुळे तिथवर स्लाइड नेताना हात अडतो.

तरीही ओपन जीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. तिच्यासाठी पहिली, पाचवी आणि सहावी एवढ्या तीनच तारा एकेक स्वर उतरवाव्या लागतात आणि मधल्या तीन तारा ओळखीच्या राहतात, तर ओपन डीमध्ये पहिली, दुसरी व सहावी एकेक स्वर आणि तिसरी अर्धा स्वर उतरवावी लागते. शिवाय षड्जाखालचा मंद्र पंचम तिच्यात मोकळ्या तारेवर मिळतो. मडी वॉटर्स आणि सन हाउस या अमेरिकन ब्लूज वादकांच्या स्लाइडच्या ओढीने ज्याने गिटार हाती घेतली आहे, त्याने ओपन जीच घ्यावी. त्याच परंपरेतला एल्मोर जेम्स आवडत असेल तर ओपन डी. रोलिंग स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स ओपन जीमध्ये सहावी तार काढूनच टाकतात, त्यामुळे मूळ सूर सर्वांत खाली येतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

रागांच्या बाबतीत ओपन डी अधिक लवचीक ठरते. भूपासाठी ती आहे तशी चालते. भीमपलासाचा कोमल गंधार हवा असेल तर तिसरी तार आणखी अर्धा स्वर उतरवावी. दुर्गासारख्या गंधार वर्ज्य असलेल्या रागासाठी तीच तार अर्धा स्वर चढवून मध्यमावर आणावी. ओपन ई ही ओपन डीचीच मांडणी एक स्वर वर असते. ऑलमन ब्रदर्स बँडचे ड्युएन ऑलमन यांनी ती इलेक्ट्रिक गिटारवर वापरली. अकूस्टिकवर मात्र तीन तारा चढवून ताण वाढवण्यापेक्षा ओपन डीला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावणे सुरक्षित आहे.

सूर उतरवले की तारा सैल पडतात आणि स्लाइड फ्रेटवर आपटून खडखडते. म्हणून ओपन डीसाठी बारा-त्रेपन्नचा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या सहस्रांशांत) संच किमान समजावा. तेरा-छप्पनचा त्याहून चांगला, पण जाड तारा नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकत नाहीत ना, हे तपासून घ्यावे. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असली, तर स्लाइडही चालते आणि बोटांनी कॉर्डही धरता येते. त्याहून उंच तारा हव्या असतील तर नटवर बसणारा धातूचा एक्स्टेंडर लावून गिटार मांडीवर आडवी घ्यावी. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर शास्त्रीय संगीत रुजवले ते मांडीवरच्या याच वादनातून, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकता येते. फक्त रागसंगीतच वाजवायचे असेल तर हा मार्ग अधिक योग्य आहे, मात्र मग ती गिटार कॉर्ड धरण्यासाठी उरत नाही.

स्लाइडच्या बाबतीत काच की पितळ या वादापेक्षा वजन आणि माप पाहावे. जाड तारांच्या अकूस्टिकवर जड पितळ भरीव आवाज देते, तर बारीक तारांच्या इलेक्ट्रिकवर काच मऊ वाटते. स्लाइड करंगळीत घट्ट, पण न रुतता बसावी, म्हणजे उरलेली बोटे मोकळी राहतात. हार्डवेअरच्या दुकानातला पाइप कापून वापरायचा असेल तर कडा काळजीपूर्वक घासून घ्याव्यात. सुरासाठी स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी आणि तिच्या मागच्या बोटाचा तारांना हलका स्पर्श हवा, म्हणजे मागचा नको असलेला आवाज थांबतो.

खाडीलगतच्या आपल्या शहरांत जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने गिटारचे वरचे लाकूड फुगते आणि तारा आपोआप उंच होतात. म्हणून सॅडल (खोक्यावर तारा टेकतात ती पट्टी) किंवा नट घासण्याचे काम पावसाळ्यात करू नये. तेव्हा घासून खाली आणलेल्या तारा हिवाळ्यात लाकूड बसल्यावर आणखी खाली जातात आणि स्लाइड पुन्हा फ्रेटवर आपटू लागते. त्या चार महिन्यांत तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, कारण गंजलेल्या तारेवर स्लाइडची खरखर सुरापेक्षा मोठी ऐकू येते.