पावनखिंड मांडायची की खडकी? २८, १५ आणि ६ मिलिमीटरचा हिशेब

ऐतिहासिक वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या सैनिकांच्या मूर्ती (फिगर) टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळण्याच्या नादाला नव्याने लागलेला माणूस हमखास विचारतो, ‘कुठल्या कंपनीच्या फिगर घेऊ?’ खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. आधी लढाई कोणती ते ठरवा, मग घरातलं टेबल मोजा. एवढं झालं की साइझ आपोआप ठरतो, आणि साइझ ठरला की खर्चाचा अंदाजही येतो.

मापं मुख्यतः तीन. २८ मिमी ही उभ्या माणसाची तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची, तीही ढोबळ. एका मेकरचा मावळा दुसऱ्याच्या पठाणाच्या खांद्यालाच लागतो, असं सर्रास होतं. १५ मिमी म्हणजे साधारण १/१०० प्रमाण. आणि ६ मिमी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा शिपाई.

आता ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई घ्या. रणांगण गणेशखिंड ते खडकीच्या पट्ट्यातलं, दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघतोय; पुणेकराला नकाशासुद्धा लागू नये. पेशव्यांकडे १८,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ, इंग्रजांकडे जेमतेम २,८०० माणसं, असे आकडे सहसा दिले जातात. शंभर माणसांमागे एक फिगर धरली तरी नुसते स्वारच १८० होतात. २८ मिमीत एका घोड्याला २५ मिमी रुंदी लागते. दोन रांगा केल्या तरी फळी सव्वादोन मीटर लांब, आणि आपलं सहा जणांचं डायनिंग टेबल दीड मीटरचं. १५ मिमीत ४० मिमीच्या बेसवर (फिगर चिकटवायच्या पट्टीवर) तीन स्वार बसतात, तेव्हा हीच फळी १.२ मीटरवर येते. मावते, पण बगलेवर घोडं फिरवायला जागा उरत नाही, आणि घोडदळाच्या खेळात बगल नाही तर काय राहिलं? ६ मिमीत ६० मिमीच्या बेसवर नऊ स्वार, म्हणजे २० बेस, आणि फळी ६० सेंटिमीटर. मग पेशव्यांचं घोडदळ ज्या दलदलीत अडकलं ती दाखवायला जागा मिळते. ती दाखवायलाच हवी, कारण पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या मोठ्या हल्ल्याचा जोर तिथेच मोडला.

पावनखिंडीचं गणित अगदी उलटं. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंबरोबर सुमारे ३०० मावळे होते असं सांगतात. दहास एक धरलं की ३० फिगर. सिद्दी मसूदच्या बाजूला चाळीसेक पुरतात, कारण पडलेला गडी पुढच्या लाटेत परत उभा करता येतो. खिंडीच्या तोंडाशी एका वेळी पाच-सहाच माणसं भिडणार, त्यामुळे दोन बाय तीन फुटांचं स्टडी टेबल बास. इथे २८ मिमीला पर्याय नाही. दोन्ही हातांत शस्त्र घेतलेला बाजीप्रभू ६ मिमीत ओळखणार कसा? लाल महालाचा छापाही (५ एप्रिल १६६३) याच जातीचा: माणसं थोडी, आणि कोण कुठे आहे यालाच महत्त्व.

१५ मिमीबद्दल मला फारसा जिव्हाळा नाही. चेहरा धड दिसत नाही आणि फौजही धड भरत नाही. पण १५०० सालापूर्वीच्या लढायांत रस असेल तर माझं ऐकू नका. १९९० मध्ये आलेल्या डीबीए या प्राचीन-मध्ययुगीन लढायांच्या नियमसंचात अख्खी फौज १२ बेसची असते आणि या मापात दोन फुटी चौरस पट पुरतो. इतक्या स्वस्तात दोन्ही बाजूंच्या फौजा उभ्या करणारं दुसरं काही मला दिसत नाही. आणि पुण्यात बहुतेकांना दोन्ही बाजू स्वतःच जमवाव्या लागतात, कारण समोर बसणारा मित्र फासे आणतो, फौज आणत नाही.

नियमांवरून साइझ ठरवू नका. ‘ब्लॅक पावडर’ (२००९) हे नियमांचं पुस्तक मोठ्या टेबलासाठी, इंचांत लिहिलंय. इंचाच्या जागी सेंटिमीटर वाचलं की ते ६ मिमीला सुखाने चालतं.

आता फिगर कशाची, तेही पाहू. २८ मिमीत पेरी, व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड यांचे कडक प्लॅस्टिकचे डबे सुबक असतात, पण त्यांचा भर नेपोलियन, रोमन, दुसरं महायुद्ध अशा विषयांवर. मराठे हवे असतील तर छोट्या मेकरांच्या धातूच्या फिगर मागवा, नाहीतर थ्रीडी प्रिंटिंगची फाइल विकत घेऊन रेझिनमध्ये छापून घ्या. धातू जड, त्यामुळे टपालखर्च वाढतो आणि वर कस्टम ड्यूटी. पण वाकलेला भाला बोटांनी सरळ होतो. रेझिनचा भाला सरळ तुटतो. घरी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर हातमोजे, धुवायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), यूव्ही दिवा आणि हवेशीर गॅलरी हे सगळं धरून हिशेब करा. वासावरून घरात होणारी बोलणी वेगळी. १/७२ प्रमाणाचे, म्हणजे २८ मिमीहून जरा लहान, मऊ प्लॅस्टिकचे सैनिक सगळ्यांत स्वस्त, एका डब्यात चाळीसेक. पण साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंगवलेत तर घोड्यांच्या पायांवरून आणि बंदुकांवरून रंगाचे पापुद्रे निघतात.

तिसरा मार्ग जुगाडाचा, आणि माझ्या मते २८ मिमीची खरी गंमत त्यातच आहे. बोहरी आळीतून एम-सील आणा, दोन्ही भाग मळून शेवईइतकी बारीक दोरी वळा. फिगरची मूळ टोपी कानशिलापर्यंत तासून टाका आणि ओल्या टाचणीने ती दोरी डोक्याभोवती तिरपी गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून. शेवट मागे खोचला की पागोटं तयार. एम-सील भराभर घट्ट होतं, म्हणून एका वेळी दोन डोक्यांपुरतंच मळा.

मात्र २८ मिमीत अभ्यास टळत नाही. पागोटं कसं बांधलंय, कट्यार कुठे खोचलीय, ढाल कशी धरलीय, हे सगळं दिसतं. त्यासाठी केळकर संग्रहालयातली शस्त्रं आणि भारत इतिहास संशोधक मंडळातली पुस्तकं धुंडाळावी लागतील. कुणाला तोच छंद असतो. ६ मिमीत जरीपटका ओळखू आला की काम झालं.

रंगांत ६ मिमीला अप्पा बळवंत चौकात मिळणारे कॅमलचे अॅक्रिलिक चालतात. २८ मिमीच्या चेहऱ्याला मात्र व्हॅलेहोसारखे खास रंग घ्या. पातळ थरातही ते झाकतात. पावसाळ्यात कुठल्याही मापाला स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारू नका, दमट हवेत तो भुकटीसारखा खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. बेसही पुठ्ठ्याचे नकोत, जुलैत वाकतात. एमडीएफचे कापून घ्या.

खडकीच ठरली तर आधी इंग्रज रंगवा. पन्नासास एक धरूनही ५६ फिगर: तांबडा डगला, छातीवर पांढरे पट्टे, खांद्याला बंदूक, एका रविवारी हातावेगळ्या होतात. पेशव्यांच्या स्वारांना गणवेश नव्हता, त्यामुळे पागोट्यांचे आणि घोड्यांचे रंग बेसगणिक बदलावे लागतात. तिथे पूर्ण दिवाळीची सुट्टी धरा.