पहिल्या मोटारसायकलचा विमा: फक्त थर्ड पार्टी घ्यावा की फुल?

स्वस्त विमा कोणत्या कंपनीकडे मिळेल, हा नव्या चालकाचा पहिला प्रश्न असतो. थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यापुरतं बोलायचं तर या प्रश्नाला अर्थच नाही. तो हप्ता सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना तोच लावावा लागतो. सरकारी न्यू इंडिया घ्या, नाहीतर मोबाइलवर मिळणारी ॲको किंवा डिजिट घ्या, आकडा एकच येणार. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्याच्या पुढे २,८०४ रुपये लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. तुमचं वय काय, लायसन्स काल मिळालं की दहा वर्षांपूर्वी, याने हे दर हलत नाहीत.

म्हणून थर्ड पार्टीत पैसे वाचवायचे तर ते गाडी निवडतानाच वाचतात. १५० सीसी ही रेघ लक्षात ठेवा. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसीचं, म्हणजे रेघेच्या अलीकडे. अपाची १६० किंवा युनिकॉर्न रेघेच्या पलीकडे, आणि त्यांना बुलेट ३५० इतकाच हप्ता बसतो. नव्या दुचाकीला २०१८ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. अलीकडच्या गाडीला तो ३,८५१ रुपये, पलीकडच्या गाडीला ७,३६५. जीएसटी धरला तर पहिल्याच दिवशी चार हजारांवर फरक पडतो. गावाहून तालुक्याच्या कॉलेजला किंवा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचं असेल, तर सव्वाशे सीसी पुरते. माझं तरी हेच म्हणणं राहील.

थर्ड पार्टी आणि फुल, शेजारी शेजारी

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं, त्याची भरपाई. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, तिथे वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान मात्र दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंतच धरलं जातं. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा दोन हजार आणि पुन्हा सापडलात तर चार हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

आपण ज्याला फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो, त्या पॅकेज पॉलिसीत हे सगळं येतंच, वर तुमची स्वतःची गाडीही येते. गाडी चोरीला गेली, जळाली, घसरून पडली, पुरात बुडाली तरी भरपाई मिळते. ऊसतोडीच्या दिवसांत लातूर, बीड, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना उभ्या असतात. नवा चालक अशा ट्रॉलीवर जाऊन आदळला आणि चूक त्याचीच धरली गेली, तर थर्ड पार्टीतून त्याच्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातही भरपाई फुल विमा असणाऱ्यांनाच मागता आली. एक मात्र सांभाळा: पाण्यात बुडालेली गाडी किक मारून चालू करून बघू नका. पाणी आत जाऊन इंजिन जाम झालं तर ते नुकसान साध्या पॅकेजमध्ये बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

खर्चाचा अंदाज असा. सव्वाशे सीसीच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ८५,००० रुपये असेल तर जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, स्वतःच्या गाडीचा हप्ता सुमारे १,४२५ रुपये होतो. सूट मिळते ती इथे, आणि दर कंपनीची सूट वेगळी. चार ठिकाणी भाव विचारायचा तो या भागासाठी. भाव विचारताना आयडीव्ही सगळीकडे सारखी धरा. नाहीतर एखादा एजंट आयडीव्ही साठ हजारांवर आणतो, हप्ता कमी दाखवतो, आणि गाडी चोरीला गेल्यावर हातात साठ हजारच येतात.

पुण्याच्या पासिंगची गाडी महाग पडते, असं आपल्याकडे ऐकायला मिळतं. हप्त्याच्या हिशेबात पुणे झोन ए मध्ये आणि एमएच २०, २४, २६ सारखे आपले मराठवाड्यातले सगळे नंबर झोन बी मध्ये येतात, हे खरं. पण वरच्या गाडीला त्या टॅरिफमध्ये फरक पडतो तो २७ रुपयांचा. त्यासाठी पासिंगचा घोळ घालू नका.

मागे कोण बसतं?

सगळ्यात जास्त विचार करायचा तो इथे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या मागे बसलेला माणूस आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. समोरच्या वाहनाची चूक असेल तर मागच्या माणसाला त्या वाहनाच्या विम्यातून दाद मागता येते. पण गाडी तुमच्याच हातून घसरली आणि मागे बसलेली आई जखमी झाली, तर तुमची थर्ड पार्टी पॉलिसी तिच्या कामाला येत नाही. पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येते.

आपल्याकडे एकट्याने गाडी चालवणारे किती? बाजाराला, दवाखान्यात, लग्नाला, बहिणीला परीक्षेला सोडायला, मागची सीट रिकामी नसते. हात अजून बसलेला नसताना मागे घरचं माणूस असेल, तर सूट धरून हजाराच्या आसपासचा तो जादा हप्ता मी वाचवणार नाही.

आरसीवर नाव कोणाचं?

विमा घेताना १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमाही घ्यावा लागतो. तुमच्याकडे तो आधीच असेल तर दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्या आणि तेवढे पैसे वाचवा. पण हा विमा असतो गाडीच्या मालकाचा, तोही मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. मराठवाड्यात बऱ्याच घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. त्या मुलाला काही झालं तर या १५ लाखांतलं घरात काही येत नाही. म्हणून जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी घ्या. ते जमत नसेल तर मुलासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढा. निदान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म तरी भरून द्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय १८ ते ७०. दोन लाख म्हणजे १५ लाख नव्हेत, पण वीस रुपयांत याहून मोठं काही मिळत नाही.

लायसन्स नसताना गाडी चालवली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्याला भरपाई देऊन कंपनी ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे शेवटी वडिलांकडून.

झीरो डेप घ्यावं का?

साध्या पॅकेजमध्ये प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात. झीरो डेप हे जादा कव्हर घेतलं तर या भागांची बहुतेक पूर्ण किंमत मिळते, टायर-बॅटरीचं काय ते पॉलिसीत वाचा. स्प्लेंडरसारख्या गाडीला प्लास्टिक थोडं, तिथे मी ते घेणार नाही. पुढे मोठं फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली स्पोर्ट्स गाडी असेल तर पहिली दोन वर्षं नक्की घ्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून छोट्या गाडीचे लोक हक्काचा क्लेमही करत नाहीत. हिशेब करून बघा. पहिल्या वर्षीचा बोनस २० टक्के, तोही फक्त स्वतःच्या गाडीच्या हप्त्यावर. तो भाग ९०० रुपये असेल तर बोनस झाला १८० रुपये. तीन हजारांचं काम निघालं असेल तर बिनधास्त क्लेम करा. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर बोनस तसाही जातो.

शोरूम, एजंट की ऑनलाइन

शोरूमवाला विमा गाडीच्या बिलातच धरून सांगतो. तिथूनच घ्यायची सक्ती तो करू शकत नाही. बाहेरचा भाव आणून दाखवला की बरेचदा तोही खाली येतो. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण किनवट किंवा भूमसारख्या तालुक्यात राहत असाल तर आधी कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथलं बिल कंपनी थेट भरते ते, किती लांब आहे ते बघा. गाडी टेम्पोत घालून शंभर किलोमीटर न्यावी लागली तर वाचलेले दोनशे रुपये भाड्यातच जातात. अशा ठिकाणी क्लेमची कागदपत्रं स्वतः करून देणारा ओळखीचा एजंट मला जास्त मोलाचा वाटतो. पॉलिसी कुठूनही घ्या, क्यूआर कोड स्कॅन करून खरी आहे ना ते बघा, आणि काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तिची नोंद आली का तेही तपासा.

सेकंड हँड गाडी घेत असाल तर नाव चढवल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही तुमच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, स्वतःच्या गाडीचा भाग येत नाही. जुन्या मालकाचा बोनसही मिळणार नाही, तो त्याच्यासोबत जातो. विकणारा कितीही म्हणाला की विमा अजून आठ महिने आहे, तरी त्यातलं स्वतःच्या गाडीचं संरक्षण तुमच्या नावावर होईपर्यंत तुमचं नसतं. आणि क्लेम विनाकारण अडकला तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.