ट्रकचा ऑटो ब्रेक: नुसता रडार की जोडीला कॅमेरा?

जड ट्रकला ऑटो ब्रेक, म्हणजे पुढे धडक दिसली की आपणहून ब्रेक मारणारी यंत्रणा, हवा की नको, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. युरोपात नव्या जड वाहनांना तो नोव्हेंबर 2015 पासून सक्तीचा आहे. गाडी घेताना अडतं ते कुठला घ्यावा यावर. बंपरमधल्या एकट्या रडारवर चालणारा एक प्रकार आणि त्या रडारच्या जोडीला काचेमागे कॅमेरा असलेला दुसरा. आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या महामार्गावर धावल्या, मी स्वतः दोन्ही चालवल्या, आणि पुढची खरेदी करताना त्यातला एक निवडला. तो का निवडला ते सांगतो. तुमचे रस्ते वेगळे असतील तर तुमचा हिशोबही वेगळा निघू शकेल.

महामार्गावर ट्रकवाल्याला सगळ्यात जास्त भीती असते ती पुढे थांबलेल्या रांगेची. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने भरलेला ट्रक सेकंदाला 22 मीटर कापतो. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी 33 मीटर तिथेच गेले. एअर ब्रेकला हवा भरून पकड घ्यायला आणखी साधारण अर्धा सेकंद, आणि मग चांगल्या ब्रेकनेही थांबायला सुमारे 50 मीटर. ड्रायव्हर थकलेला असेल किंवा त्याची नजर आरशात असेल, तर पहिला आकडा वाढतच जातो. ऑटो ब्रेक वाचवतो तो हाच पहिला आकडा. बाकीचं टायर, ब्रेक आणि माल कसा बांधलाय यावर, हे सांगायला नको.

नियम मात्र नीट वाचावेत. संयुक्त राष्ट्रांच्या 131 क्रमांकाच्या नियमानुसार टक्कर 3 सेकंदांवर येण्याआधी गाडीने जोराचा आपत्कालीन ब्रेक सुरू करायचा नाही, आणि एअर ब्रेकच्या जड ट्रकमध्ये त्याआधी किमान 1.4 सेकंद इशारा द्यायचा. 80 च्या वेगाला 3 सेकंद म्हणजे 67 मीटर. पकड घेण्यातला अर्धा सेकंद आणि थांबायचं अंतर मिळून 60 मीटर जातात, म्हणजे हाताशी जेमतेम 7 मीटर उरतात. युरोपात 2018 पासून सगळ्या नव्या जड वाहनांना लागू झालेल्या टप्प्यात थांबलेल्या वाहनासमोर वेग किमान 20 ने उतरला तरी गाडी पास. 80 चे 60 झाले की धडकेची ऊर्जा 44 टक्के कमी होते. हे थोडं नाही, पण रांगेतल्या शेवटच्या छोट्या गाडीचा चुराडा करायला 60 सुद्धा पुरेसे असतात. त्यामुळे ‘नियमात बसतो’ एवढ्यावर थांबू नका. पूर्ण ब्रेक वेळेत मारायचा, तर पुढे जे आहे ते खरंच वाहन आहे याची यंत्राला 70 मीटरवरूनच खात्री हवी.

ती खात्री रडारला चालत्या वाहनाबद्दल छान होते. पुढचा ट्रक हळू झाला की रडार अंतर आणि वेगातला फरक अचूक धरतं, आणि धुकं, पाऊस, अंधार यांचा त्याला फारसा त्रास नाही. पण उभी वस्तू आली की ते बुचकळ्यात पडतं. रस्त्यावरची प्रत्येक स्थिर गोष्ट, कठडा, खांब, डोक्यावरचा दिशाफलक, आपल्याच वेगाने अंगावर येतेय असं त्याला दिसतं. बऱ्याच रडारांना उंचीचाही नीट अंदाज येत नाही. मग कंपनीपुढे दोनच वाटा राहतात: अशा वस्तू गाळून टाकायच्या, नाहीतर संशयावर ब्रेक मारायचा.

मला नको झालं ते या दुसऱ्या वाटेने. वळणाच्या तोंडाशी ट्रकचं नाक अजून सरळ असतं आणि समोर कठडा, किंवा कडेच्या पट्टीत उभी बंद गाडी. रडारला ती थेट वाटेत दिसते. भोंगा वाजतो, आणि कधीकधी ट्रेलरसकट गाडी झटका खाते. रस्त्याचं काम चालू असलेल्या अरुंद पट्ट्यात तर हे ठरलेलं. भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर विनाकारण मान टाकते तेव्हा पोटात गोळा येतो, कारण मागे काय येतंय ते आरशात दिसत असतं. आतला माल सरकतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला किंवा इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्या ब्रेक सोडतात, पण त्या क्षणी हे सुचायला हवं.

हे सारखं झालं की काय होतं? ड्रायव्हर बटण दाबून ऑटो ब्रेक बंद करतो. नियम त्याला तशी मुभा देतो. पुन्हा चावी फिरवली की यंत्रणा आपोआप चालू होते, आणि बंद असेपर्यंत डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहतो. आमच्या नुसत्या रडारवाल्या गाड्यांत तो दिवा मला वारंवार पेटलेला दिसायचा. अनुभवी, शांत डोक्याची माणसंही निघतानाच बटण दाबत. त्यांना दोष देववत नाही. पण दुपारच्या जडावलेल्या तासाला रांग समोर आली, तर त्या गाडीत ऑटो ब्रेक नसल्यातच जमा. माझ्यापुरता निकाल इथे लागला.

मान्यता चाचणीत खोट्या ब्रेकची परीक्षाही असते: 4.5 मीटर अंतर ठेवून उभ्या केलेल्या दोन मोटारींच्या मधून ट्रक ताशी 50 च्या वेगाने सरळ न्यायचा, आणि त्याने गप्प राहायचं. वळणावरचा कठडा त्या परीक्षेत नाही. त्यामुळे पास झालेल्या दोन गाड्या रस्त्यावर अगदी वेगळ्या वागू शकतात.

कॅमेऱ्याची जोड मिळाली की चित्र पालटतं. रडार अंतर सांगतं, कॅमेरा सांगतो की ही वाहनाची मागची बाजू आहे आणि ती आपल्याच लेनमध्ये आहे. दोघांचं जुळलं तर यंत्र बिनदिक्कत पूर्ण ब्रेक मारू शकतं. जुळलं नाही तर उगाच घाबरत नाही. आमच्या अशा गाड्यांत खोटे इशारे अजिबात होत नाहीत असं म्हणणार नाही, पण ते इतके विरळ झाले की बंदचा दिवा क्वचितच दिसतो. ड्रायव्हरनी आपणहून ऑटो ब्रेक चालू ठेवला, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको.

कॅमेऱ्याचे लाड मात्र करावे लागतात. काचेवर चिखल किंवा किड्यांचा थर बसला, मावळता सूर्य समोर आला, दाट धुकं पडलं की त्याची नजर कमी पडते. काही गाड्या अशा वेळी सूचना देऊन उरलेलं काम रडारवर ढकलतात, काही ऑटो ब्रेकच तात्पुरता थांबवतात. पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावं लागतं, तोवर गाडी उभी. खर्च अर्थातच जास्त.

तुमचा रस्ता सरळसोट, धुक्याचा आणि रात्रीचा असेल, वळणं आणि रस्त्याची कामं कमी असतील, तर नुसतं रडार पुरेलही. सरळ रस्त्यावर आमची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. मिश्र रस्ते असतील तर मी कॅमेऱ्याकडे झुकेन. कुठलीही गाडी घ्या, पण चाचणी भरलेल्या ट्रेलरसह घ्या, वळणावर आणि काम चालू असलेल्या पट्ट्यात घ्या, आणि रोज चालवणारा माणूसच चाकावर बसवा. कॅमेऱ्याची घेत असाल तर काच बदलल्यावर कॅलिब्रेशन कोण करणार आणि किती वेळात, हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्या.